बंद दारांपुढची दवंडी

एकोणीसशे ब्याऐंशी साल. मी तेव्हा तेहतीस वर्षांचा होतो. वयाबद्दल वाद नाही. वाद आहे तो मी कोणाच्या राज्यात जन्मलो याबद्दल. पोलीस ॲक्शनच्या पावसाळ्यातला माझा जन्म. आई म्हणायची, निजाम गेला आणि मग तू झालास. आत्या म्हणायची, छट्, आधी झाला. हा निजामाच्या राज्यातलाच, म्हणून एवढा अडेल. दोघी मरेपर्यंत यावर भांडल्या. सतरा सप्टेंबर ही तारीख दोघींनाही ठाऊक नव्हती. त्यांच्या लेखी निजाम गेला तो दिवस म्हणजे माझ्या बापानं गावात दवंडी दिली तो दिवस.

आता रेडिओवर रोज सकाळी दिनविशेष सांगतात. आजच्या दिवशी अमक्या देशाचा राजा रातोरात पळाला, तमक्या देशात फौजेनं सरकार उलथवलं. मी चहा ठेवून ऐकत बसतो. एकाचाच चहा, भांडं लहान, डोळा चुकला की उतू जातो. बातमी संपली की माझ्या तोंडून कधी कधी आपोआप निघतं, ‘ऐकलं.’ रेडिओला काय त्याचं. तो पुढं सोयाबीनचा भाव सांगायला लागतो.

यंदाही श्रावणात पावसानं डोळे वटारले आहेत. सोयाबीन माना टाकून आहे. ढग येतात, गावावरून जातात, नांदेडकडं कुठंतरी उतरतात. असं आभाळ बघितलं की मला ते साल आठवतं. त्या साली आमचा जिल्हा बदलला, आणि ते ऐकायला गावात माणूस नव्हता.

मी दुसरी शिकलेला माणूस. तरी एक गोष्ट मला त्या रेडिओवाल्यांपेक्षा वेगळी दिसते आणि ती मी सोडणार नाही. राज्य पडतं ते राजधानीत, एका तारखेला. ते गावात पडायला वेगळा दिवस लागतो. मधे नदी असते, चिखल असतो, बंद पडलेली गाडी असते, आणि सगळ्यात शेवटी एक माणूस असतो, ज्याला ते मोठ्यानं म्हणावं लागतं. तो माणूस आमच्या गावात आधी माझा बाप होता, नंतर मी होतो.

बाप येसकर. हातात घुंगराची काठी. काठी आपटली की घुंगरं वाजायची आणि गावाला कळायचं, सरकारनं काहीतरी म्हटलंय. त्याचा एक नेम होता. दारापुढं, लांब उभं राहून, कारण जवळ जायची आम्हाला मुभा नव्हती, तो पुकारायचा. घरातून ‘ऐकलं’ असा आवाज आल्याशिवाय पुढच्या दाराकडं हलायचा नाही. तीनदा पुकारायचा, चारदा पुकारायचा. लोक वैतागायचे. तो म्हणायचा, “मला हुकूम माणसाला सांगायचा हाय, वाऱ्याला न्हाई.”

त्या अठ्ठेचाळीसच्या भादव्यात त्यानं आधी निजामाचा हुकूम पुकारला होता, की कोणी फौजेच्या गोष्टी करायच्या नाहीत. आणि मग थोड्याच दिवसांत त्याच गल्ल्यांतून, त्याच काठीनं पुकारलं, की राज्य बदललं. त्या दिवशी सगळी दारं आतून बंद होती. पाटलाच्या आळीत बंद, मुसलमानांच्या मोहल्ल्यात बंद. भीती सगळ्याच घरांत होती. एका दाराआडून कुणीतरी विचारलं, “येसकरा, मागलं खरं का आताचं?” बाप म्हणाला, “दोनी बारीला आवाज माझाच हाय, मालक. तुमी ऐकलं म्हणा, मी पुढं जातो.” मग दाराआडून पुटपुटल्यासारखं ‘ऐकलं’ आलं. पुढच्या दाराआडूनही आलं. असं गावभर, कुजबुजत, राज्य बदललं.

छप्पन सालानंतर आमच्या आळीनं धर्म बदलला. भाकर मागायची नाही, मेलेलं ढोर ओढायचं नाही, काठी वाजवायची नाही असं ठरलं. बापानं काठीची घुंगरं काढली, विहिरीत टाकली, आणि काठी छपराला आडवी बांधून टाकली. मी कोतवाल झालो तो वतनानं नाही. सरकारनं नेमलेला, पगारी. गावातले म्हणायचे, अरे हलगी तरी घे, कळायचं कसं कोतवाल आला म्हणून? मी म्हणायचो, माझा गळा आहे. आणि होताच. नदीच्या पलीकडं, नांदेड जिल्ह्यातल्या शिवारात बैल थांबायचे माझ्या हाकेनं. घुंगरू आम्ही सोडलं, पण ‘ऐकलं’ मी सोडलं नाही. दर दारात घ्यायचोच.

पंच्याहत्तरच्या जूनमध्ये दिल्लीत एका रात्रीत काय झालं ते दिल्लीवाल्यांना माहीत. आमच्या गावात आणीबाणी आली ती मी चावडीपुढं ‘चारापेक्षा जास्त माणसांनी जमू नये’ असं पुकारलं त्या सकाळी. ऐकायला वीस माणसं जमली होती. सत्याहत्तरला तेच सरकार पडलं. ते पडेल असं आदल्या महिन्यात कोणी बोललं असतं तर लोकांनी त्याचं तोंड दाबलं असतं. लोक माझ्याकडं बघायचे, लिंबाजी, पुकार ना. मी म्हणायचो, हुकूम न्हाई. पडलेलं सरकार स्वतःची दवंडी कशी देईल? त्यामुळं आमच्या गावात ते सरकार, पुकारण्याच्या हिशेबानं, पडलंच नाही. अजून पडायचंय.

माझ्या फेरीतलं शेवटचं दार माझंच असायचं. अनुसया, माझी बायको, तव्यावर भाकर टाकून उंबऱ्यात यायची. मी घरच्या माणसाला सवलत देत नव्हतो. तिच्यापुढंही पूर्ण पुकारायचो. ती कमरेवर हात ठेवून ऐकायची आणि म्हणायची, “ऐकलं. आता हात धुवा.” सरकारचं कोणतंही फर्मान असो, आमच्या घरी त्याचा शेवट हात धुण्यात व्हायचा.

ब्याऐंशीला मृग बरा पडला. पेरण्या झाल्या. मग आभाळानं जे तोंड फिरवलं ते फिरवलंच. मूग फुलावर येऊन करपला. बहात्तरचा दुष्काळ याहून वाईट होता, पण तेव्हा गाव खडी फोडायला जवळच्याच रस्त्यावर जायचं. संध्याकाळी घराघरातून धूर निघायचा. या वेळी लोक लांब गेले. कुणी लातूरला डाळमिलवर पोती उचलायला, कुणी बिलोलीवरून पुढं निजामाबादच्या बाजूला, कालव्याच्या पाण्यावरच्या भातलावणीला. कुलूप होतं त्यानं कुलूप लावलं. नव्हतं त्यानं दारात बाभळीची काटी ओढली. बघता बघता गाव काट्यांचं झालं. सकाळी बाहेर पडलं की पायांचा आवाज स्वतःलाच ऐकू यायचा. कुत्री भुंकायची बंद झाली. भुंकायचं कोणावर?

अनुसयाला जायचं होतं. तिचं माहेर बिलोली तालुक्यात, नरसीच्या अलीकडं. भाऊ कोंडिबा टोळी घेऊन लावणीला जायचा. ती म्हणाली, “समदं गाव चाललं. आपुन इथं दगड राखायचे का?”

“मी सरकारी माणूस हाय. मला गाव सोडता येत न्हाई.”

“गाव हाय कुटं? गाव तर गाडीत बसून गेलं.”

मी पटका बांधून चावडी झाडायला निघालो. असा निघून गेलो की ती जास्त चिडायची. पंचमी आली. नाग पुजायचं आम्ही छप्पनलाच सोडलं, पण पंचमीला माहेरी जायचं कोणत्या बाईनं सोडलंय? फाट्यावर एसटी थांबली. लातूरकडं निघालेली, निजामाबादकडं निघालेली, उरलंसुरलं सगळं गाव तिथं गाठोडी घेऊन उभं. ती पायरीवर चढली आणि वळून म्हणाली, “न्यायला कवा येता?”

सगळ्यांचे कान माझ्याकडं. मी म्हणालो, “मी न्यायला येणार न्हाई. आपल्या पायानं चाललीस, आपल्या पायानं ये.”

ती आत जाऊन पलीकडच्या खिडकीशी बसली.

आमच्याकडं न्यायला कोणी आल्याशिवाय बाई माहेराहून परत येत नाही. आपण होऊन आली की सासरी तिची किंमत जाते, आणि माहेरची मान खाली जाते. हे मला माहीत होतं. तिला माहीत होतं की मला माहीत आहे. पण चार माणसांत मोठ्यानं बोललेला शब्द मी माघारी घ्यायचा म्हणजे काय? माझा धंदाच तो होता. आज एक पुकारायचं, उद्या ते गिळायचं, असं सरकारनं करावं, कोतवालानं नाही.

मग दिवस सुरू झाले. पीठ ती डब्यात भरून गेली होती. माझी भाकर एका बाजूनं जळायची, दुसऱ्या बाजूनं कच्ची राहायची, आणि ती मी दोन्ही बाजूंनी खायचो. चावडी झाडायचो. नदीत झिरा उपसून घागर भरायचो. बोलायला कोणी नव्हतं. गळा वापरला नाही तर गंजतो, म्हणून एकदा शिवारात जाऊन उगाच हाक मारून बघितली. पलीकडून कोणाचे बैल थांबले नाहीत. बैलच नव्हते.

पोळा जवळ आला तसा कोंडिबाच्या टोळीतला एक जण फाट्यावर उतरून निरोप देऊन गेला. “कोंडिबा म्हणला, पोळ्यापतुर वाट बघतो. पोळा झाला की टोळी निजामाबादकडं निघती. ताईबी येते म्हणून राहिली. मंग दिवाळी तिकडंच.”

“अजून काय म्हणली ती?”

तो हसला. “म्हणली, त्येंला सांगा, गाव नीट राखा.”

तिकडं गेलेली काही घरं त्याआधीच्या सालांत परत आलीच नव्हती. कालव्याच्या कडेला खोपी टाकून राहिली. त्यांच्या दारातल्या काट्या इथं वाळून, मोडून, वाऱ्यानं गेल्या. ती गेली तर मी पोळ्यानंतर कोणत्या गावाला न्यायला जाणार होतो? आणि न्यायला तर मी जाणारच नव्हतो.

अशात झेंड्याच्या दिवसाला लागून तलाठीसाहेब सायकलवर आले. उस्मानाबाद जिल्हा फुटला, म्हणाले. आता लातूर जिल्हा. आपलं गाव लातुरात. दवंडी द्या.

निजामाच्या वेळी आमचं गाव बिदरला होतं. मग उस्मानाबादला. आता लातूरला. गाव जागचं हललं नव्हतं, पण तिसऱ्या घरी नांदायला निघालं होतं. त्याला न्यायला मात्र दर वेळी कोणीतरी आलं.

मी म्हणालो, “सायब, गावात माणूस न्हाई.”

“मग चावडीपुढं एक आरोळी ठोका आणि मोकळे व्हा. कोण विचारतंय?”

ते सायकल वळवून गेले. मी तोंड धुतलं, पटका बांधला आणि पाटलाच्या आळीपासून सुरुवात केली. चावडीपुढं ओरडून मोकळं व्हायला मी काय उधळलेला रेडा होतो? दर दारात पुकारायचं, ही आमची रीत.

“ऐका हो ऐका. आजपासून आपलं गाव लातूर जिल्ह्यात. कोर्टकचेरी, दाद-फिर्याद, समदं लातूरला हो.”

पहिल्या दाराला कुलूप. मी थांबलो. पुन्हा पुकारलं, पुन्हा थांबलो. कौलावर एक होला घुमत होता. दार काही बोललं नाही आणि मला पाय उचलवेना. बापाच्या वेळी दारं बंद होती पण आड माणूस होता, कुजबुजत का होईना. माझ्या दाराआड कोण होतं? तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा माझाच आवाज समोरच्या भिंतीवरून माझ्याकडं परत आला, आणि मला पहिल्यांदा वाटलं, की आपण एकटे आहोत.

“काय बोंबलून राहिलास रे लिंबा?”

गयामाय. शेजारच्या घरची कुणब्याची म्हातारी. पोरं लातूरला गेली, तिला बरोबर नेत होती, तिनं उंबरा धरून ठेवला. डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं, बाहेर कधी पडायची नाही, म्हणून मी तिला गावात धरलीच नव्हती. काठी टेकत बाहेर आली.

“जिल्हा बदलला, माय. लातूर झाला.”

“मंग नळाला पाणी येनार का?”

“नळच न्हाई आपल्याकडं.”

“मंग बदलला काय?” ती म्हणाली. “बरं. आन् ह्या कुलपाला कामून सांगून राहिलास?”

मी बापाचा नेम सांगितला. तिला माहीत होता. तरणेपणी तीही दाराआडून ‘ऐकलं’ म्हणालेली. मग तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “चल. म्या येते. ह्येंच्या वतीनं म्या ऐकते.”

भरल्या गावात तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला असता का, मला माहीत नाही. तिला विचारलं नाही. त्या संध्याकाळी ठेवला, आणि आम्ही दोघं निघालो. मी पुकारायचो, ती दाराकडं तोंड करून ‘ऐकलं’ म्हणायची आणि वर त्या घराबद्दल एक शेरा मारायची. “ऐकलं. ह्यो भाड्या जिता असता तर म्हणला असता, लातूर लांब पडतं.” “ऐकलं. हिला बाराच्या बारा महिने माहेर, हिला काय जिल्हा.” मोहल्ल्यात काटी लावलेल्या एका दारापुढं ती जुन्या मैत्रिणीला हाक मारावी तसं हळूच म्हणाली, “ऐकलं गं, करीमा.” त्या दाराला तिनं शेरा मारला नाही.

दसऱ्यानंतर लोक परत आले. पारावर एक जण म्हणाला, लातूर जिल्हा झाल्याचं आम्हाला लातुरात कळलं, कोतवालानं दवंडी दिलीच नाही. मी म्हणालो, दर दारात दिली. तो म्हणाला, ऐकली कोणी? पलीकडून गयामाय म्हणाली, “म्या ऐकली. तुझ्या नावानं. तुझा भाग भरला म्या, आता गप बस.”

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी आम्ही सगळं गाव संपवून आमच्या आळीत आलो तेव्हा उन्हं कलली होती. आळीतली दारंही तिनं ऐकली. शेवटी माझं दार. त्याला कुलूप नव्हतं, काटीही नव्हती. सताड उघडं. आत चूल थंड. खुंटीवर अनुसयाचं जुनं लुगडं.

मी पुकारलं. पूर्ण पुकारलं, सवलत न देता.

गयामायनं दाराकडं पाठ केली.

मी म्हणालो, “माय, ऐकलं म्हण.”

“ह्या दाराचं म्या न्हाई म्हननार.”

“कामून?”

“बाकीची घरं कुटं गेली, कुनाला ठाव? कोन लातुरात, कोन तेलंगात. म्हणून म्या ऐकलं. ह्या दाराची मालकीण कुटं हाय ते तुला ठाव हाय. तिला सांग जाऊन.”

“मी न्यायला जाणार न्हाई, माय. लोकांत बोललोय.”

“न्यायला जा म्हणलं का म्या?” म्हातारी चिडली. “तुला दवंडी द्यायची का न्हाई पुरी? का बापाचा नेम मोडायचा?”

तिनं काठी उचलली आणि चाचपडत आपल्या घराकडं निघाली. दोन पावलांवर थांबून म्हणाली, “गाव म्या राखते. चोरून न्यायला येतंय कोन, वारा?”

गयामाय जाऊन आता किती वर्षं झाली. अनुसयाही गेली, दोन पावसाळे झाले. पोरगा लातूरला असतो, फोनवर म्हणतो, दादा, इकडं या, एकटे काय करता. मी म्हणतो, गाव सोडता येत नाही. तो म्हणतो, तुम्ही रिटायर होऊन जमाना झाला. बरोबर आहे. पण तो फोनवरच बोलावतो, न्यायला काही येत नाही. त्यानं आपल्या पायानं यावं, मग बघू. माझ्या दारापुढं आता कोणी काही पुकारत नाही. मोबाईलवर सगळं येतं, दिल्लीत झालं की त्याच क्षणाला. पण ते आल्यावर ‘ऐकलं’ म्हणायला माणूस लागतो, असं कोणाला वाटत नाही. मला वाटतं.

लोक मला अजून चिडवतात, लिंबाजी, तू शेवटी बायकोला न्यायला गेलासच. मी तेव्हाही गेलो नव्हतो आणि आजही तेच सांगतो. मी सांगायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, नदीवर अंघोळ केली, कोरा सदरा घातला. शिवारातून बाभळीची एक काटी तोडून आणली आणि माझ्या दारात ओढली. आमच्या आळीत काटीवाचून तेवढं एकच दार राहिलं होतं. फाट्यावर पहिली गाडी धरली. नरसीच्या अलीकडं उतरलो तेव्हा अंगणांत अजून झाडलोट चालू होती. कोंडिबा दारात दात घासत होता. तोंडात राखुंडी तशीच ठेवून म्हणाला, “या दाजी. बसा.”

मी बसलो नाही. रीतीप्रमाणं दारापासून लांब उभा राहिलो, हात कानाशी नेला आणि पुकारलं. “ऐका हो ऐका. आजपासून आपलं गाव लातूर जिल्ह्यात. कोर्टकचेरी, दाद-फिर्याद, समदं लातूरला हो.”

कोंडिबानं चूळ भरली. “दाजी, आमचा जिल्हा नांदेड हाय. आमाला कामून सांगून राहिले?”

“तुला न्हाई. माझ्या घराला सांगून राहिलो.”

आसपासची पोरंबाळं गोळा झाली. आतून भाकर थापायचा आवाज येत होता, तो थांबला. मी दुसऱ्यांदा पुकारलं. कोणी आलं नाही. तिसऱ्यांदा पुकारताना माझा गळा बसला, आयुष्यात पहिल्यांदा. मी तिथंच उभा राहिलो. घरातून आवाज आल्याशिवाय मी हलणार नव्हतो.

पीठ लागलेले हात तसेच धरून अनुसया उंबऱ्यात आली. माझ्याकडं बघितलं, माझ्या कोऱ्या सदऱ्याकडं बघितलं, कमरेवर हात ठेवला.

“ऐकलं,” ती म्हणाली. “आता हात धुवा.”